केऑस शिकवावा, पण गणित म्हणून

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचे अभ्यासक्रम नव्याने मांडले जात असताना कोकणातल्या गणिताच्या शिक्षकांमध्ये एक प्रश्न वारंवार निघतो आहे : बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला केऑस (नियम पक्का असूनही भाकीत न टिकणारे वर्तन) आणि फ्रॅक्टल (कितीही मोठे करून पाहिले तरी खडबडीतच राहणारे आकार) हा विषय ठेवावा का? या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी जे ऐकायला मिळते त्याने मी अस्वस्थ होतो. विरोध करणारे म्हणतात की ही संगणकावरची नक्षी आहे, आणि ज्या मुलांना सीमेची (लिमिटची) व्याख्या धड लिहिता येत नाही त्यांना नक्षी कसली शिकवायची? बाजूने बोलणारे फुलपाखरू (त्याच्या पंखांच्या फडफडीने दूर कुठे वादळ उठू शकते, ही उपमा), शेअर बाजार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे तीन शब्द पुढे करतात आणि तिथेच थांबतात. माझे मत असे आहे की हा विषय पदवीला असावा, आणि तो रिअल अ‍ॅनालिसिस व मेट्रिक स्पेस (सीमा, सांतत्य आणि अंतर यांचा काटेकोर अभ्यास करणारे विषय) यांच्या शेजारी, पूर्ण सिद्धतांसह असावा. कारण दोन वर्षे घोकलेल्या व्याख्यांची गरज विद्यार्थ्याला प्रथम जाणवते ती इथेच. चित्रे दाखवून गुण देणारा शोभेचा पेपर म्हणून तो येणार असेल, तर मात्र विरोधकांच्या बाजूने मत द्यायला मी तयार आहे.

आपण समुद्राकाठी राहतो, म्हणून या विषयाचा गाभा आपल्याला पुस्तकाआधी दिसायला हवा. भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी आधीच छापली जातात. पुढच्या वर्षीच्या अमुक पौर्णिमेला उधाणाची भरती किती वाजता लागेल आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या, म्हणजे सर्वांत लहान, भरतीचे पाणी किती चढेल, हे आज सांगता येते, आणि त्यावर भरवसा ठेवून होड्या खाडीबाहेर काढल्या जातात. त्याच किनाऱ्यावर, त्याच पाण्यावरून पुढच्या महिन्यातल्या एखाद्या दिवशी वारा कुठून वाहील, हे कोणीही सांगू शकत नाही. पाणी आणि हवा दोन्ही न्यूटनच्या नियमांनीच चालतात. दोन्हींत दैवाचा किंवा नाणेफेकीचा भाग नाही. मग एकाचे कोष्टक छापता येते आणि दुसऱ्याचे नाही, असे का? हा प्रश्न गणिताचा आहे, त्याचे उत्तर गणितात आहे, आणि गणिताचा पदवीधर ते न ऐकताच बाहेर पडतो. मला हे आपल्या अभ्यासक्रमातले मोठे उणेपण वाटते.

त्या उत्तराचा एक तुकडा अकरावीच्या त्रिकोणमितीत मावतो. क्ष ही ० आणि १ यांमधली संख्या घ्या, तिच्यापासून ४ × क्ष × (१ − क्ष) ही नवी संख्या काढा आणि तिच्यावर पुन्हा तीच कृती करा. क्षच्या जागी एखाद्या कोनाच्या साइनचा वर्ग लिहिला, तर द्विगुणित कोनाच्या सूत्राने दिसते की प्रत्येक पायरीला तो कोन फक्त दुप्पट होतो. म्हणजे सुरुवातीच्या कोनात राहिलेली चूकही दर पायरीला दुप्पट होते. सुरुवात दहा लाखांत एका भागाइतकी चुकली असेल, तर सुमारे वीस पायऱ्यांनी मूळ माहितीचे काहीच उरत नाही, कारण दोनाचा विसावा घात दहा लाखांच्या थोडा वर जातो. आणि मोजमाप हजारपट अचूक केले, म्हणजे आणखी तीन दशांश स्थळे मिळवली, तर हाती काय लागते? फक्त दहा पायऱ्या. कष्ट पटीने वाढतात आणि फळ बेरजेने वाढते. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ साली हेच हवामानाच्या समीकरणांत दिसले. संगणकाच्या स्मृतीत ०.५०६१२७ असलेला आकडा त्यांनी छापील तक्त्यावरून ०.५०६ एवढाच पुन्हा भरला, आणि काही काळ जुळत चाललेले दोन्ही हिशेब नंतर एकमेकांना ओळख देईनासे झाले. १९६३ च्या शोधनिबंधात त्यांनी याची मांडणी केली.

मराठीत या विषयाला कधी ‘अनागोंदी’, कधी ‘गोंधळ’ म्हणतात, आणि वादातला निम्मा गैरसमज या शब्दांतूनच येतो. अनागोंदी म्हणजे नियमच नसणे. इथे नियम एका ओळीत लिहिण्याइतका स्वच्छ असतो आणि त्याच नियमातून अनिश्चितता निघते. म्हणून मी वर्गात केऑस हाच शब्द वापरतो.

आता विरोधकांचे म्हणणे. त्यांचा पहिला आक्षेप, की हा विषय फॅशनच्या लाटेवर आला, खोटा नाही. १९८० नंतरच्या दशकात जिथे तिथे फ्रॅक्टल दिसू लागले. १९८९ साली स्टीव्हन क्रान्ट्झ या गणितज्ञाने लेख लिहून विचारले की या सगळ्या चित्रांतून प्रमेये किती निघाली, आणि तो प्रश्न रास्त होता. १९९८ साली एका अभ्यासगटाने भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांतले निबंध तपासले, तेव्हा असे दिसले की निसर्गातल्या वस्तूंना फ्रॅक्टल ठरवताना सरासरी जेमतेम एका दशपटीहून थोड्या अधिक टप्प्यातच (सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापांत दहा-वीस पटींचाच फरक) मोजमापे घेतली होती. एवढ्या आखूड पट्टीवर कोणत्याही ठिपक्यांतून सरळ रेघ ओढता येते. हा मोह आपल्याकडेही होईल. हापूस वर्षाआड धरतो हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे, आणि रॉबर्ट मे यांच्या १९७६ च्या प्रसिद्ध निबंधातल्या समीकरणात (वरचाच नियम, ४ च्या जागी वाढीचा दर) हा दर ३ च्या पुढे गेला की संख्या एक वर्ष वर, एक वर्ष खाली अशी झुलू लागते, हेही खरे आहे. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणून आंब्याच्या झाडाचे गणित सुटत नाही. विद्यार्थ्याने प्रकल्पात तसे लिहिले, तर त्याचे गुण कापावेत.

तरीही फॅशनचा आक्षेप विषयालाच लागू पडतो का? इतिहास पाहिला तर नाही. १८७२ साली वायरस्ट्रास यांनी सर्वत्र संतत (कुठेही न तुटणारे) पण कुठेही विकलज (वक्राचा निश्चित चढ) नसलेले फल (फंक्शन) दाखवले. १८९३ साली एर्मीत यांच्यासारख्या थोर गणितज्ञाने स्टिल्टयेस यांना पत्रात लिहिले की अशा फलांच्या पीडेपासून आपण भयाने तोंड फिरवतो. रेषाखंडाचा मधला तृतीयांश पुन्हा पुन्हा काढून उरणारा कँटरचा संच आणि टोकांवर टोके फुटत जाणारा १९०४ मधला कॉखचा वक्र या गोष्टी अपवादांच्या कपाटात ठेवल्या गेल्या. हाउसडॉर्फ यांनी १९१८ साली पूर्णांक नसलेल्या मितीची (रेषेची मिती १, पृष्ठभागाची २, तशी) व्याख्या केली तेव्हा चित्र काढायला संगणक नव्हता. केऑसची मुळे तर थेट एका चुकीच्या सिद्धतेत आहेत. स्वीडनच्या राजाने जाहीर केलेले पारितोषिक १८८९ मध्ये फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे यांना तीन खगोलांच्या प्रश्नावरील (एकमेकांना ओढणारे तीन खगोल कसे फिरतील) निबंधासाठी मिळाले. छपाई चालू असताना फ्रागमेन या तरुण संपादकाने काही शंका विचारल्या, आणि त्यांची उत्तरे शोधताना प्वांकारे यांना स्वतःची मोठी चूक सापडली. छापलेल्या प्रती मागे घेऊन निबंध पुन्हा छापण्याचा खर्च त्यांनी स्वतः सोसला, आणि तो पारितोषिकाच्या रकमेपेक्षा जास्त होता. त्या दुरुस्त केलेल्या निबंधात पुढे केऑस म्हणून ओळखले जाणारे वर्तन प्रथम दिसले. सिद्धतेतली एक फट प्रामाणिकपणे तपासल्याने जन्मलेल्या विषयाला नक्षीकाम म्हणावे काय? क्रान्ट्झ यांच्या प्रश्नालाही नंतर उत्तरे मिळाली. मँडेलब्रॉट संच या फ्रॅक्टलच्या प्रसिद्ध चित्राच्या कडेची मिती बरोबर २ असते हे मित्सुहिरो शिशिकुरा यांनी सिद्ध केले, आणि लॉरेन्झ यांचा चित्रात दिसणारा आकार खरोखर अस्तित्वात आहे याची सिद्धता वॉरविक टकर यांनी शतक संपता संपता दिली. त्या सिद्धतेपर्यंत छत्तीस वर्षे केवळ चित्रच होते, आणि गणिताने चित्रावर विश्वास ठेवला नाही, हे विद्यार्थ्याला सांगण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि मी स्वतः तो अनेक वर्षे मांडत होतो. पाया कच्चा आहे. आपल्याकडे येणारी बरीच मुले मराठी माध्यमातून, राजापूर-लांज्याच्या आतल्या गावांतून एस.टी.ने येतात, एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे सीमा आणि सांतत्य यांची काटेकोर व्याख्या, त्यांच्यासाठी दुसऱ्या भाषेतली दुसरी भाषा असते. ती व्याख्या पाठ होते, परीक्षेत उतरते आणि जूनपर्यंत विसरली जाते. अशा वेळी आणखी एक विषय वर ठेवणे म्हणजे चिरा न बसलेल्या जोत्यावर माडी चढवणे, असे विरोधक म्हणतात. पण पाया कच्चा राहतो तो कशामुळे? माझ्या अनुभवात त्याचे कारण वेळेची कमतरता हे नाही. त्या व्याख्येवाचून काहीतरी अडते आहे, असा प्रसंग विद्यार्थ्यावर कधी येतच नाही, हे खरे कारण आहे. ज्या फलांचे आलेख हाताने काढता येतात त्यांच्या सांतत्याची सिद्धता त्याला रिकामा विधी वाटते, आणि तसे वाटण्यात त्याचा फारसा दोष नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी संगणकाच्या खोलीत घडलेली एक गोष्ट सांगतो. वीज येऊन-जाऊन होती. मुलांना एक सोपा नियम दिला होता : ० आणि १ यांमधली संख्या घ्या, दुप्पट करा, एक किंवा एकाहून मोठी झाली तर पूर्णांक टाकून द्या, आणि पुन्हा तेच. ०.१ पासून सुरुवात केली तर कागदावर ०.२, ०.४, ०.८, ०.६ आणि पुन्हा ०.२ असे चक्र अनंत काळ फिरते. यात समजायला अवघड काही नाही. पायथॉनमध्ये मात्र आकडे आधी बरोबर आले, मग शेवटची दशांश स्थळे बिघडू लागली, आणि पंचावन्नाव्या पायरीला पडद्यावर शून्य आला. त्यापुढे शून्यच. लांज्याच्या बाजूची एक मुलगी दोनदा प्रोग्राम तपासून म्हणाली, “सर, हा शून्य आला कुठून?” त्या प्रश्नाने पुढचा दीड तास घेतला. एक दशांश ही संख्या यंत्राच्या द्विमान पद्धतीत (० आणि १ या दोनच अंकांच्या) संपत नाही. म्हणून यंत्र तिच्याऐवजी तिच्या अगदी जवळचा, दोनाचा पंचावन्नावा घात छेदात असलेला एक अपूर्णांक साठवते, आणि दर दुपटीला छेदातला एकेक दोन गळत जातो. म्हणजे यंत्राच्या सगळ्याच संख्या शेवटी शून्यावर जाणार, आणि हा नियम प्रत्यक्षात काय करतो ते यंत्र कधीच दाखवू शकणार नाही. मग ते कळायचे कसे? त्या दिवशी ‘जवळ’ म्हणजे किती जवळ, ‘कोणत्याही’ एप्सिलॉनसाठी म्हणजे काय, हे शब्द मुलांनी स्वतः वापरले, कारण त्यांच्यावाचून बोलणे पुढे सरकत नव्हते.

हेच इतरत्र होते. ० ते १ यांतला पहिला आणि शेवटचा तृतीयांश तिप्पट ताणणारा, मधला भाग बाहेर फेकणारा तंबूच्या आकाराचा नियम घेतला, तर जे बिंदू कधीच बाहेर पडत नाहीत त्यांचा संच म्हणजे नेमका कँटरचा संच. आजवर ‘उदाहरणार्थ’ म्हणून येणारा तो विचित्र संच इथे एका नैसर्गिक प्रश्नाचे उत्तर बनतो. बानाखचे स्थिरबिंदू प्रमेय (अंतरे ठरावीक प्रमाणात आखडणाऱ्या कृतीला एकच न हलणारा बिंदू असतो) समीकरणांच्या उकलीसाठी एकदा वापरून सोडले जाते. हचिन्सन यांनी १९८१ मध्ये दाखवले तसे ते संहत (कॉम्पॅक्ट) संचांच्या मेट्रिक स्पेसवर लावले की फ्रॅक्टल आकाराचे अस्तित्वच सिद्ध होते. रॉबर्ट डेव्हनी यांनी केऑसची तीन अटींची व्याख्या केली : कोणत्याही भागातून कोणत्याही भागात पोहोचता येणे, पुन्हा स्वतःवर येणारे बिंदू सर्वत्र दाट असणे, आणि सुरुवातीच्या सूक्ष्म फरकाने पुढे मोठा फरक पडणे. १९९२ साली जॉन बँक्स आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी सिद्ध केले की संतत फलासाठी तिसरी अट पहिल्या दोन अटींतून आपोआप निघते. ज्या फुलपाखराचा एवढा डांगोरा पिटला जातो ते व्याख्येत वेगळे लिहिण्याचीही गरज नाही! ती सिद्धता अगदी लहान आहे आणि तिला मेट्रिक स्पेसच्या पहिल्या काही तासांपलीकडे काही लागत नाही. संशोधनातली एक खरी, ताजी म्हणावी अशी सिद्धता पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती पूर्णपणे देता येते, असे विषय आपल्याकडे किती आहेत?

फ्रॅक्टलच्या बाबतीत तर कोकणाइतकी सोयीची प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, असे आपण शाळेपासून लिहीत आलो. शासकीय नोंदींत तो बराच काळ ६५२.६ किलोमीटर होता. नव्या मोजणीत तो ८७७.९७ झाला. देशाचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. समुद्राने नवी जमीन दिली नाही. मोजणी अधिक बारीक नकाशांवर झाली, एवढेच. वर्गात आम्ही जयगडपासून पूर्णगडपर्यंतचा नकाशा अंथरतो आणि कर्कटकाचे टोक चार सेंटीमीटरवर ठेवून चालवतो, मग दोनवर, मग एकवर. पहिल्या फेरीत कर्कटक शास्त्री नदीचे मुख एका टांगेत ओलांडते, काळबादेवीची खाडी त्याला दिसतच नाही. शेवटच्या फेरीत प्रत्येक गट अडतो : खाडीत शिरायचे की नाही, आणि शिरलो तर कुठून परत फिरायचे? भरतीची रेषा धरायची की ओहोटीची? ल्युईस फ्राय रिचर्डसन यांना हाच प्रश्न देशांच्या सीमांबाबत पडला होता. स्पेन आणि पोर्तुगाल यांची सामाईक सीमा एका ठिकाणी ९८७ आणि दुसऱ्या ठिकाणी १,२१४ किलोमीटर नोंदलेली त्यांना आढळली. मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली त्यांचाच धागा पुढे नेऊन ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी सुमारे १.२५ आणि दक्षिण आफ्रिकेच्या गुळगुळीत किनाऱ्यासाठी सुमारे १.०२ ही मिती सांगितली. अंकांनी हवामानाचा अंदाज काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९२२ मध्ये पुस्तकरूपाने मांडणारे गृहस्थही हेच रिचर्डसन. किनारा आणि वारा, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. आपल्याही आहेत, आपण त्यांच्याकडे गणित म्हणून पाहत नाही.

या मोजणीला १९९८ च्या त्या इशाऱ्याची अट घालावीच लागते. कर्कटकाच्या तीन-चार मापांवरून कोकणाच्या किनाऱ्याची मिती जाहीर करणे चूक आहे, आणि विद्यार्थ्याकडून निष्कर्षाइतकेच या मर्यादेचे लेखन मागितले पाहिजे.

उरलेले आक्षेप लवकर आटोपण्यासारखे आहेत. नेट, सेट किंवा जॅम या पुढच्या परीक्षांमध्ये केऑसवर प्रश्न येत नाही, हे खरे. पण कँटर संच, सांतत्य, संहतता, स्थिरबिंदू यांवर येतात, आणि ते ज्याला वापरून कळले आहेत त्याला परीक्षेत मागे पडण्याचे कारण नाही. शिकवायला माणसे नाहीत, हेही खरे आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी हा विषय विद्यार्थिदशेत शिकलेला नाही, आणि रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण शिक्षकाला नवा विषय बसवायला सांगणे अन्यायाचे आहे. यावर उपाय विषय नाकारण्यात नाही. उन्हाळी सुटीत तीन आठवडे बसून एकत्र शिकण्यात आहे, आणि त्या तीन आठवड्यांचे मानधन तासिकेवरच्या शिक्षकाला मिळाले पाहिजे. साधनांची सबब मात्र मला पटत नाही. फाइगेनबाउम यांनी १९७५ मध्ये ४.६६९ ने सुरू होणारा, अशी झुलण्याची चक्रे किती वेगाने दुप्पट होत जातात ते सांगणारा आपला स्थिरांक हातात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरवर पाहिला. आणि डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत आयुष्य घालवलेले द. रा. कापरेकर यांच्याजवळ तर वही-पेन्सिलच होती. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की, चारही अंक सारखे नसतील तर, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते, हे त्यांनी दाखवले. तोच तो नियम पुन्हा पुन्हा लावून शेवटी काय उरते, हा या विषयाचा मूळ प्रश्न ते विचारत होते. आपल्या विद्वानांनी त्यांच्या कामाला बराच काळ करमणुकीत जमा केले. १९७५ साली अमेरिकेतले गणित-लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर जगाने दखल घेतली. तेव्हा जसा शब्द कापरेकरांच्या वाट्याला आला तसाच आज आपण या विषयाला लावतो आहोत.

एक आक्षेप सामान्य लोकांकडून येतो : जे आधी सांगताच येत नाही ते शिकून करायचे काय? याचे उत्तर ३ जून २०२० ला किनाऱ्याने पाहिले. निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात येणार, हे दोन-तीन दिवस आधी कळले होते. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, घरांवरचे पत्रे गेले. पण होड्या वेळेवर किनाऱ्याला लागल्या होत्या. असा अंदाज आज एका हिशेबावर काढला जात नाही. सुरुवातीच्या स्थितीत थोडेथोडे फरक करून अनेक हिशेब चालवतात आणि ते कितपत एकत्र राहतात ते पाहतात. लॉरेन्झ यांच्या निष्कर्षाचा स्वीकार केल्यामुळेच ही पद्धत १९९२ पासून मोठ्या हवामान केंद्रांत रूढ झाली, आणि २०१८ पासून आपल्याकडेही बारा किलोमीटरच्या जाळीवर चालते. दिवसाचे हवामान साधारण दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही, तरीही हंगामाच्या एकूण पावसाचा काही अंदाज बांधता येतो, कारण तो समुद्राच्या पृष्ठतापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर टेकलेला असतो. हे चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये मांडले. काय सांगता येते, किती काळापर्यंत आणि कोणत्या खात्रीने, याचा हिशेब ठेवणे हेच या विषयाचे काम आहे. ग्रहांच्या गतीही कोट्यवधी वर्षांच्या पल्ल्यावर अशाच हाताबाहेर जातात; आपले पंचांग चालते कारण आपला पल्ला लहान आहे.

म्हणून अभ्यास मंडळापुढे माझे मागणे थोडके आहे. चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर तिसऱ्या वर्षाला, मेट्रिक स्पेसनंतरच्या सत्रात ठेवावा. त्याआधी तो कोणालाही घेऊ देऊ नये. परीक्षेत चित्र काढण्याला गुण नसावेत. बँक्स आणि सहकाऱ्यांचे प्रमेय पूर्ण लिहायला यावे, ०.१ च्या पंचावन्नाव्या पायरीला शून्य का येतो हे स्वतःच्या शब्दांत, हवे तर मराठीत, सांगता यावे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाजवळची एक खाडी तीन वेगवेगळ्या मापांनी मोजून, ती कुठपर्यंत मोजली आणि तिथेच का थांबला, हे वहीत लिहून आणावे.